तबकडीवरच्या जागा: रेकॉर्डमधले जादूचे क्षण शोधायचे, ओळखायचे आणि नीट ऐकायचे कसे

मैफलीत गवयाने एखादी जागा घेतली, की दाद देईपर्यंत ती हवेत विरलेली असते. तबकडीवर तीच जागा खाचेत कोरलेली राहते आणि सुई तिथे पोचली की दर वेळी उमटते. म्हणून जाणते संग्राहक ‘कोणती रेकॉर्ड आवडते’ असं विचारण्यापेक्षा ‘दुसऱ्या बाजूच्या शेवटी खुर्ची करकरते, ती ऐकलीत का’ असं विचारतात. तानेआधीचा श्वास, वादकाचं गुणगुणणं, कापऱ्या टोकाला जाऊन फुटलेला आवाज, चुकून राहून गेलेलं हसू. यातल्या बऱ्याच जागा फार हळू असतात, तबकडीच्या खरखरीच्या जेमतेम वर. त्या ऐकायच्या तर आधी मशीन नीट लागलेलं हवं. मग जे ऐकू आलं ते नेमकं कुठून आलं, हे ओळखता यायला हवं. स्टुडिओतून, टेपवरून, तबकडीच्या खाचेतून, की आपल्याच सुईतून? हे चार थर वेगळे करता आले की अर्धं काम झालं.

सुई, भार आणि कोन

टर्नटेबल स्पीकरच्या फळीवर ठेवू नका. तपासायची सोपी रीत अशी: मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेका, आवाज हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत चढवा आणि फळीवर बोटाने टकटक करा. स्पीकरमधून धपधप आली तर फळीची थरथर सुईपर्यंत पोचते आहे. गुंजन वाढत जायला लागलं तर लगेच आवाज उतरवा. त्या गुंजनाखाली श्वास, तंबोऱ्याची आस, खोलीचा घुमारा असं सगळं दबून जातं. मग पाणसळ प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या थाळीवर) आडवी-उभी ठेवून टर्नटेबलचे पाय कमी-जास्त करा.

भार म्हणजे सुईने खाचेवर टाकायचं वजन. तो लावताना अँटिस्केट (टोनआर्मची आतली ओढ सावरणारी सोय) शून्यावर घ्या आणि मागचं वजन फिरवून टोनआर्म, म्हणजे सुई धरणारी दांडी, अधांतरी तरंगेल असा तोलून घ्या. वजनावरची आकड्यांची चकती त्या स्थितीत शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजच्या (दांडीच्या टोकाला सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिलेला भार चढवा. बऱ्याच मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजना १.८ ते २.२ ग्रॅमच्या आसपास भार लागतो. दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात राहणं बरं. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा वापरलात तर सुई टेकेल तो भाग शक्यतो रेकॉर्डच्याच उंचीवर ठेवा, नाहीतर आकडा थोडा चुकतो.

हलका भार म्हणजे रेकॉर्डची काळजी, ही समजूत उलटी आहे. भार कमी पडला की जोरकस जागी सुई खाचेच्या भिंतीवरून सुटते, उडते आणि परत आदळते. ते नुकसान कायमचं असतं. एखाद्या जुन्या रेकॉर्डमध्ये गायिकेचा वरचा स्वर दर वेळी फाटका येत असेल, तर बहुधा आधीच्या कुणाच्या तरी हलक्या किंवा झिजलेल्या सुईने तो फाडलेला असतो. ती फाटकी धार धुऊन जात नाही.

फिरत्या रेकॉर्डवर टोनआर्म आतल्या बाजूला ओढला जातो. अँटिस्केट ही ओढ सावरतं. सुरुवात भाराइतक्याच आकड्याने करा. स्टिरिओ खाचेची आतली भिंत डावा आणि बाहेरची भिंत उजवा चॅनल वाहते, त्यामुळे ओढ सावरली नाही तर बाहेरच्या भिंतीवरचा दाब कमी होऊन आधी उजवा चॅनल चरचरतो. उजवीकडे ‘स’, ‘श’ फाटत असतील तर अँटिस्केट थोडं वाढवा, डावीकडे फाटत असतील तर कमी करा.

कार्ट्रिजचा कोन मात्र आकड्यांवर सुटत नाही, त्याला कोनमापक पट्टीच हवी. एका बिजागरीवर फिरणारा टोनआर्म संपूर्ण बाजूत फक्त दोन ठिकाणी खाचेशी अचूक जुळतो. ही ठिकाणं ठरवायच्या दोन प्रचलित मांडण्या आहेत: बेअरवाल्ड मांडणीत ती मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, स्टीव्हन्सन मांडणीत ६०.३ आणि ११७.४ वर. ज्यांच्या लाडक्या जागा बाजूच्या शेवटी आहेत (सिम्फनीचा शेवट, बडा ख्याल संपताना येणारी द्रुत) त्यांनी स्टीव्हन्सन करून बघावी. कारण साधं आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची रेकॉर्डवर बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं थोडं बोथट आणि चरचरीत वाटतं, आणि तिथे कोनाची चूक लगेच कानाला लागते.

उरलं ते दोन मिनिटांचं काम. रेकॉर्डवर सुई टेकलेली असताना टोनआर्म रेकॉर्डला समांतर दिसायला हवा. एका पातळ आरशाच्या तुकड्यावर सुई टेकवून समोरून बघा. कार्ट्रिज आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत हवं, कोयंडा वाकडा बसल्यासारखं नको.

धुणं

कोरड्या कार्बन ब्रशने वरची धूळ जाते, खाचेच्या तळाचा चिकटा जात नाही. व्हिनाइलसाठी, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकसाठी, ८०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २०० मिलिलिटर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे तीन-चार थेंब घाला. ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवा कधीच नको. नंतर नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून घ्या. ही पायरी टाळली की साबणाचा पातळ थर राहतो आणि पहिल्याच वाजवण्यात सुईवर राखाडी गोळा जमतो. लेबल कोरडं ठेवा, रेकॉर्ड उभी वाळवा, आणि जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. व्हिनाइलसाठीचं मिश्रण चुकून लावलं तर खाच मऊ पडते आणि पुढची सुई ती नांगरून टाकते. तिथे फक्त ऊर्ध्वपातित पाणी, वेटिंग एजंटचे एक-दोन थेंब, पटकन पुसणं आणि लगेच वाळवणं.

वेग आणि मध्य

स्ट्रोब चकतीवर ३३⅓ साठी ५० हर्ट्झच्या विजेवर १८० रेघांचं वर्तुळ आणि ६० हर्ट्झवर २१६ रेघांचं. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. बरेचसे एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या उजेडात रेघा नुसत्या धूसर दिसतात आणि माणूस उगीच मोटरला दोष देतो. त्यासाठी खास स्ट्रोब दिवा घ्या किंवा ३१५० हर्ट्झचा सूर असलेली चाचणी रेकॉर्ड वाजवून मोजा. एक टक्का वेग चुकला तर सूर सुमारे १७ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढतो किंवा उतरतो. सुरात तयार कानाला तेवढं पुरतं.

सरासरी वेग बरोबर असूनही सूर हेलकावत असेल तर तो पकडायला तंबोऱ्याइतकं चांगलं हत्यार नाही. आलापीच्या रेकॉर्डमध्ये गवई थांबतो तिथे मागचा षड्ज ऐका. तो दर १.८ सेकंदांनी किंचित वर-खाली होत असेल (३३⅓ वर एका फेरीला बरोबर एवढाच वेळ लागतो) तर भोक मध्यात नाही. पियानोचा लांब विरणारा स्वरही चालतो. टोनआर्मकडे बघितलंत तर तोही दर फेरीला डावी-उजवीकडे डुलताना दिसेल. भोक १ मिलिमीटरने सरकलेलं असेल तर बाहेरच्या खाचेत सूर सुमारे १२ सेंट वर-खाली होतो, पण ६० मिलिमीटरवरच्या आतल्या खाचेत सुमारे २९ सेंट. म्हणून पहिलं गाणं ठीक आणि शेवटचं दारू प्यायल्यासारखं, असा प्रकार होतो. भोक कातरून मोठं करायचा मोह होतो, पण तो उलटवता येत नाही. दुसरी प्रत शोधलेली बरी.

आणि कधी दोष मशीनचाही नसतो, रेकॉर्डचाही नसतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू जुन्या छपाईत किंचित चढ्या सुरात वाजते. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेप मशीन थोडं सावकाश चालत होतं, त्यामुळे ती टेप बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतात. शेजारी चाललेल्या राखीव मशीनचा वेग बरोबर होता, आणि त्या टेपवरून १९९० च्या दशकात दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. जुनी प्रत हाती असेल तर तिच्या पहिल्या बाजूवरून टर्नटेबलचा वेग लावायला जाऊ नका. दोन्ही छपाया लागोपाठ ऐकणं मात्र जरूर करावं. चढ्या सुरातला ट्रम्पेट थोडा अधीर वाटतो, दुरुस्त सुरातला पाय पसरून बसलेला.

आवाज कोणत्या थरातला?

इथे घड्याळ लागतं. सेकंदाचे दशांश दाखवणारं कोणतंही.

शांततेत, गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याच्या पहिल्या स्वराची पुसट सावली ऐकू आली तर ती सावली आणि खरा स्वर यांतलं अंतर मोजा. बरोबर १.८ सेकंद असेल तर ती खाचेची सावली. शेजारच्या वेढ्यातल्या जोरदार आवाजाने मधली भिंत किंचित ढकलली जाते, आणि एक फेरी आधीच सुईला त्याची चाहूल लागते. ४५ फेऱ्यांवर हेच अंतर १.३३ सेकंद होतं. अंतर वेगळं आलं तर संशय टेपवर घ्या. चुंबकीय टेप रिळावर गुंडाळलेली असताना एका थराचा ठसा शेजारच्या थरावर उमटतो. हे अंतर टेपचा वेग आणि त्या जागी रिळाची जाडी यांवर ठरतं. सेकंदाला ३८ सेंटिमीटर चालणाऱ्या टेपवर, रीळ २० सेंटिमीटर व्यासाचं असेल तिथे, ते साधारण १.६५ सेकंद येतं आणि गाभ्याजवळ त्याच्या निम्मं. खाचेची सावली दुसऱ्या छपाईत नाहीशी होऊ शकते. टेपची सावली त्याच टेपवरून काढलेल्या प्रत्येक आवृत्तीत राहते, डिजिटलसुद्धा.

टेपच्या भुताचं सर्वांत गाजलेलं उदाहरण लेड झेपेलिनच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्यात, ‘होल लोटा लव्ह’मध्ये आहे. सुमारे चौथ्या मिनिटाला वाद्यं थांबतात, आणि गायकाच्या मोकळ्या आवाजातल्या ओळीआधी तीच ओळ लांबून, पुसट ऐकू येते. मिक्सिंगच्या वेळी, आधीच्या मुद्रणातून झिरपलेला तो आगंतुक आवाज काढता आला नाही, म्हणून त्याच्यावर आणखी घुमारा चढवला आणि दोषाचाच दागिना झाला. इथे स्टॉपवॉच लावून बघा. १.८ चा हिशेब जुळवायचा प्रयत्न करताना कान चांगला तयार होतो.

टिकटिक दर १.८ सेकंदांनी येत असेल तर आडवा चरा. वेळीअवेळी चटचट होत असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. जोरकस जागीच, आणि मधोमध नव्हे तर एका बाजूला चरचर होत असेल तर सुई किंवा झिजलेली खाच. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते. तासांचा हिशेब ठेवला नसेल तर ती झिजली आहे असं धरून चाला.

मोनो रेकॉर्ड ऐकताना अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा. मोनो खाच फक्त आडवी हलते, तर धूळ आणि चरे सुईला उभंही हलवतात. दोन्ही चॅनल एकत्र केले की उभ्या हालचालीचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. १९५० च्या दशकातल्या रेकॉर्डवर हा फरक एखाद्याने खिडकी बंद केल्यासारखा असतो, आणि मागे राहिलेल्या शांततेत अचानक स्टुडिओची खोली ऐकू यायला लागते.

काही जागा, आणि त्या कुठे कान देऊन ऐकाव्यात

पियानोवादक ग्लेन गूल्डने १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ मुद्रित केली. चर्चच्या इमारतीतला तोच स्टुडिओ, जिथे पुढे ‘काइंड ऑफ ब्लू’ झाली. गूल्ड वाजवताना गुणगुणायचा, आणि ते त्याला आवरता येत नसे. संथ तुकड्यांत, दोन स्वरांच्या मधल्या पोकळीत कान ठेवा. त्याची गुणगुण पियानोच्या मागून, किंचित बेसूर येते. ती ऐकू येत नसेल तर मोनो बटण, सुईची स्वच्छता आणि फळीची थरथर या क्रमाने तपासा.

पियानोवादक कीथ जॅरेटची २४ जानेवारी १९७५ ची जर्मनीतल्या कोल्नची मैफल चार बाजूंवर पसरली आहे. पहिल्या बाजूची सुरुवातीची चिमुकली सुरावट त्या नाट्यगृहातल्या घंटेच्या सुरांवरून घेतलेली आहे, आणि ते ओळखलेल्या प्रेक्षकांचं हलकं हसू पहिल्या काही सेकंदांत येतं. सुई आणि ते हसू यांच्यात फक्त सुरुवातीची खाच असते, त्यामुळे सुई बोटाने टाकणाऱ्यांच्या धपक्यात ते हरवतं. उतरवणीचा दांडा वापरा, आणि सुई पूर्ण टेकल्यावरच आवाज चढवा.

रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’चं पहिलं गाणं बाहेरच्या, मोकळ्या खाचांत आहे, हे ऐकणाऱ्याचं नशीब. साधारण तिसऱ्या मिनिटाला सहगायिका मेरी क्लेटनचा आवाज टोकाला जाऊन फुटतो, आणि त्यामागे मिक जॅगरचा अनावर हुंकार ऐकू येतो. त्या हुंकारासाठी ती जागा शोधायची. आधी गाणं सलग ऐका. सरळ तिथेच सुई टाकली तर आवाज फुटलेला कळतो, पण तो का फुटला ते कळत नाही. निदान अर्धं मिनिट आधीपासून तरी सुरुवात करा.

जागा शोधायला डोळेही कामाला येतात. तिरप्या उजेडात रेकॉर्ड धरली की जोरकस भागांत खाचा एकमेकींपासून लांब आणि नागमोडी, शांत भागांत दाटीवाटीने आणि गुळगुळीत दिसतात. टेलार्क कंपनीच्या चायकोव्हस्कीच्या ‘१८१२’ ओव्हर्चरच्या १९७९ च्या रेकॉर्डवर तर तोफांचे बार नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात, आणि भार कमी असलेली सुई तिथे सरळ खाचेबाहेर उडी मारते. ती रेकॉर्ड नव्या सुईची परीक्षा म्हणून वाजवू नका. आधी भार आणि कोन तपासा, मग तोफा.

लाखेच्या तबकड्या

७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला दहा इंचीत तीन मिनिटांच्या आसपास संगीत मावतं. एवढ्या अवकाशात राग मांडायचा म्हणजे आलाप चिमटीत धरावा लागतो, आणि म्हणूनच त्यांत जागांची दाटी असते. त्यांना वेगळी सुई लागते: साधारण ७६ मायक्रॉन त्रिज्येची, ३ ते ५ ग्रॅम भाराची. एलपीची सुमारे १८ मायक्रॉनची सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. तिथे कचरा जास्त आणि संगीत कमी.

‘७८’ हा आकडाही वेदवाक्य मानू नका. १९२० च्या दशकापूर्वीच्या तबकड्या ७० ते ८० च्या दरम्यान कोणत्याही वेगाने कोरलेल्या सापडतात, आणि ७४ ची तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पुरुषाचा आवाज पोरकट आणि गमक मशीनगनसारखी वाटायला लागली की वेग उतरवा. संगतीला हार्मोनियम असेल तर तिची पट्टी कोणत्या तरी खऱ्या काळी-पांढरीशी जुळेपर्यंत वेग फिरवा. १९२५ च्या आधीचं मुद्रण मायक्रोफोनशिवाय, भोंग्यात गाऊन केलेलं असे, म्हणून तिथे खर्जाची आणि तंबोऱ्याची अपेक्षा ठेवू नका. तिथली जादू वेगळी. १९०२ मध्ये कलकत्त्यात मुद्रित झालेल्या गौहर जानच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ही तजवीज होती. तान संपते, आणि त्याच दमात ती नाव सांगून मोकळी होते. संगीत संपलं म्हणून सुई उचलणाऱ्याची ही जागा हमखास हुकते.

नोंद

नोंदीसाठी वही पुरे. रेकॉर्डचं नाव, बाजू, गाणं, पहिल्या स्वरापासूनचा वेळ, थर, वापरलेली सुई, आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेली अक्षरं. ही अक्षरं सर्वांत महत्त्वाची, कारण एकाच मुखपृष्ठात वेगवेगळ्या कोरणीच्या प्रती असतात आणि तुम्हाला ऐकू आलेली जागा दुसऱ्याच्या प्रतीत दबलेली असू शकते. टॉर्च जवळजवळ आडवा धरला की अक्षरं दिसतात. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर रूडी व्हॅन गेल्डरचा ‘आरव्हीजी’ ठसा, काही रॉक रेकॉर्डवर रॉबर्ट लडविगचं ‘आरएल’. कोरणाऱ्याची सही असलेली प्रत चांगलीच वाजते असं नाही, पण तुलना करायला पक्का आधार मिळतो.

वेळ लिहिताना मुखपृष्ठावर छापलेल्या मिनिटांवर विसंबू नका, ती बऱ्याचदा अंदाजाने दिलेली असतात.

शेवटची खाच

बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ची दुसरी बाजू संपताना अनेक पियानोंवर एकदम दाबलेला ई मेजर चाळीसहून अधिक सेकंद विरत जातो. स्वर विरेल तसतसा ध्वनिमुद्रकाने आवाज चढवत नेला, त्यामुळे शेवटी शेवटी स्टुडिओच ऐकू येतो: कागदाची सळसळ आणि खुर्चीची करकर. तबकडीच्या सर्वांत आतल्या, सर्वांत अडचणीच्या खाचांत हा प्रसंग आहे. त्यामुळे कोन, भार आणि धुणं या तिन्हींची परीक्षा इथे एकदम होते. खुर्ची ऐकू आली तर मशीन लागलं.

मूळ ब्रिटिश छपाईत त्यानंतर १५ किलोहर्ट्झचा सूर आहे. तो बऱ्याच प्रौढांना ऐकूच येत नाही, आणि ऐकू आला नाही म्हणून कार्ट्रिज बदलायला धावू नये. मग सर्वांत आतल्या बंद खाचेत असंबद्ध बडबडीचा तुकडा, दर १.८ सेकंदांनी, पुन्हा पुन्हा. टोनआर्म आपोआप परत जाणाऱ्या टर्नटेबलवर हा तुकडा असा पुन्हा पुन्हा ऐकू येत नाही, कारण यंत्र सुई उचलून घेतं. तशी सोय बंद करण्याची कळ असेल तर ती दाबा. नंतर सुई आपल्या हाताने उचलावी लागेल, नाहीतर बडबड चालूच राहील.